हवेचे प्रदूषण आणि मुंबई महानगराची वाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवा बिघडली म्हणून शहराची वाढ थांबते का?

वाढ थांबल्याचे उदाहरण क्वचितच सापडते. बहुतेक वेळा ती वळते. शहरात काम आहे तोवर माणसे येतच राहतात, आणि हवा वाईट आहे एवढ्या कारणाने मुंबईकडे पाठ फिरवणारे थोडेच असतात. मात्र कोणत्या वर्गाने कोठे राहायचे, कोणती जमीन वर्षानुवर्षे स्वस्त पडून राहायची, कोणत्या तालुक्यात नवा कारखाना येऊ शकायचा आणि कोणत्या प्रभागातील बांधकाम ऐन हंगामात बंद पडायचे, या गोष्टींवर हवेचा अंमल चालू लागतो. शहराच्या वाढीचा विचार केवळ लोकसंख्येच्या आकड्यावरून केला, तर हा परिणाम दिसत नाही. नकाशा समोर ठेवला की तो लगेच दिसतो.

वेगावरही परिणाम होतोच. अर्थतज्ज्ञ वॉकर हॅनलन यांनी १८५१ ते १९११ या काळातील ब्रिटिश शहरांचा अभ्यास करून दाखवले की, ज्या शहरांतील उद्योग अधिक कोळसा जाळत होते, त्या शहरांच्या रोजगारवाढीला त्या धुरामुळेच खीळ बसत होती. ज्या कोळशावर ही शहरे उभी राहिली, त्याच कोळशाचा धूर त्यांच्या वाढीतला काही वाटा परत घेत होता. तरीही ती शहरे वाढली, ही बाब दिशाभूल करणारी ठरते, कारण ‘धूर असूनही वाढली’ आणि ‘धुरामुळे काही बिघडले नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. मुंबईविषयी बोलताना ही गल्लत सर्रास होते.

वाऱ्याची दिशा आणि वस्तीची रचना यांचा खरोखर संबंध असतो का?

असतो, आणि तो फार चिवट असतो. ब्रिटनमध्ये वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतात. स्टेफान हेब्लिख, अ‍ॅलेक्स ट्रू आणि यानोस झिल्बरबर्ग या संशोधकांनी इंग्लंडमधील सुमारे ७० शहरांतील, एकोणिसाव्या शतकातील सुमारे ५,००० औद्योगिक चिमण्यांची ठिकाणे शोधून त्यांचा धूर कोणत्या वस्त्यांवर जात असे, याचा हिशेब मांडला. धूर पूर्वेकडे जाई आणि गरिबांची वस्तीही पूर्वेकडे सरकत जाई. यातील अधिक अस्वस्थ करणारा निष्कर्ष पुढचा आहे. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके साचून हजारो माणसे दगावली, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, पुढील काळात चिमण्या विझल्या. पण श्रीमंत पश्चिम आणि गरीब पूर्व ही विभागणी अनेक शहरांत तशीच राहिली. हवा सुधारली म्हणून वस्तीचे भाग्य आपोआप पालटत नाही.

मुंबईतही समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो. मलबार हिल या वाऱ्याच्या तोंडावर आहे, तर गिरणगाव शहराच्या मध्यभागी वसले. स्वातंत्र्यानंतर अवजड उद्योगांना जागा दिली गेली ती पूर्व किनाऱ्यावर, तुर्भे (ट्रॉम्बे)-माहुल-चेंबूर परिसरात. येथे बंदराची सोय होती, कच्चे तेल उतरवता येत होते आणि त्या वेळी हा भाग शहराबाहेरच समजला जाई. १९५० च्या दशकाच्या मध्यावर येथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, त्याच दशकात औष्णिक वीज केंद्र आले आणि पुढच्या दशकात खतांचा कारखाना सुरू झाला. शहर वाढत वाढत या पट्ट्याला येऊन भिडले आणि नंतर त्याला वळसा घालून पुढेही गेले. चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणण्याची पद्धत त्यातूनच पडली.

या चर्चेत माहुलचे उदाहरण वारंवार का दिले जाते?

कारण हवा आणि गृहनिर्माण यांचा संबंध तेथे एकाच आवारात पाहायला मिळतो. माहुलमध्ये प्रकल्पबाधितांसाठी ७२ इमारतींत सतरा हजारांहून अधिक घरे बांधण्यात आली. समोर तेलशुद्धीकरण कारखाना, आसपास रसायने साठवण्याच्या टाक्या आणि रस्त्यावर टँकरच्या रांगा, असे हे ठिकाण आहे. इमारती सात मजल्यांच्या, एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. खिडकी उघडावी तर वास आत येतो आणि बंद ठेवावी तर घरात हवाच खेळत नाही.

तानसा जलवाहिनीलगतची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश उच्च न्यायालयाने दिले आणि तेथील कुटुंबांना माहुलला पाठवण्यास सुरुवात झाली. विद्याविहार-घाटकोपर भागात आयुष्य गेलेली ही माणसे होती. त्यांची कामे आणि मुलांच्या शाळा तिकडेच होत्या. त्याआधी, २०१३ मध्ये, केईएम रुग्णालयाच्या पाहणीत परिसरातील रहिवाशांमध्ये श्वसनाच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात आढळल्या होत्या आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे स्पष्ट नोंदवले होते. तरीही वस्ती हलवण्यासाठी हीच जागा निवडली गेली. रहिवाशांनी विद्याविहार येथे जलवाहिनीशेजारी दीर्घकाळ आंदोलन केले. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोणालाही माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे ठरवून बाधितांना पर्यायी घर द्यावे अथवा दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी, असा आदेश दिला. पुढच्या वर्षी हरित लवादाने परिसरातील चार कंपन्यांना एकूण सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली.

जमिनीच्या हिशेबाने पाहिले तर त्यापुढची घडामोड अधिक बोलकी आहे. २०२५ मध्ये महापालिकेने येथील नऊ हजारांहून अधिक रिकामी घरे स्वतःच्या कर्मचाऱ्यांना सुमारे १२ लाख ६० हजार रुपयांना विकायला काढली. ज्या शहरात एवढ्या पैशांत वाहन उभे करण्याची हक्काची जागा मिळणे कठीण, तेथे तयार घरांना मिळालेला प्रतिसाद अगदीच तुटपुंजा होता. एकीकडे घरटंचाई आणि दुसरीकडे हजारो बंद दारे, हा हवेमुळे वाया गेलेल्या वाढीचा मुंबईतील सर्वात ढळढळीत नमुना आहे, असे आमचे मत आहे.

म्हणजे प्रदूषित भागात घरांच्या किमती कमी असतात, असे म्हणावे का?

सरसकट म्हणता येत नाही. चेंबूरचेच पाहा. रेल्वे स्थानकाच्या आसपासच्या चेंबूरमध्ये २०१३ मध्ये पूर्व मुक्तमार्ग आला, २०१४ मध्ये मोनोरेल धावू लागली, जुन्या वसाहतींचा पुनर्विकास सुरू झाला आणि तेथील दर मध्यमवर्गीयाच्या हाताबाहेर गेले. माहुल तेथून काही किलोमीटरवर आहे. मुंबईत जागेचा भाव प्रथम प्रवासाच्या वेळेवर ठरतो. हवेचा विचार होतो तो त्यानंतर. ज्याला निवड करता येते तो हवेचा विचार करतो, आणि ज्याला पुनर्वसनात घर मिळते त्याला तो अधिकार नसतो. त्यामुळे प्रदूषणाचा परिणाम सरासरी दरात कमी आणि कोणाच्या वाट्याला कोणते घर आले, यात अधिक दिसतो. एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार या भागात, कचराभूमी आहे, कत्तलखाना आहे आणि शहरभरच्या प्रकल्पांतून उठवलेल्या कुटुंबांच्या वसाहतीही मोठ्या संख्येने तेथेच आहेत. या सर्व गोष्टी एकाच विभागात एकवटाव्यात, हा योगायोग मानणे अवघड आहे.

कचराभूमीच्या धुरामुळे मुंबईत नव्या बांधकामांवर बंदी आली होती, हे खरे आहे का?

होय, मात्र न्यायालयाचा आक्षेप धुरापुरता नव्हता. तो कचऱ्याच्या एकूण व्यवस्थेवर होता. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. २०१६ च्या जानेवारीअखेर तेथे लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली, धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसले आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. घनकचरा व्यवस्थापनाचे नियम पाळले जात नाहीत हा वाद उच्च न्यायालयात आधीपासूनच चालू होता. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. पुनर्विकासाचे प्रकल्प, रुग्णालये, शाळा अशा काही बाबी त्यातून वगळल्या. आहे त्या लोकसंख्येच्या कचऱ्याची विल्हेवाट लागत नसताना आणखी घरांना परवानगी कशाच्या बळावर द्यायची, असा सरळ प्रश्न त्यामागे होता. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मनाईला अटींसह स्थगिती दिली.

दोन वर्षे मोकळ्या भूखंडांवरचे नवे प्रस्ताव अडकून पडले आणि विकासकांचा कल पुनर्विकासाकडे अधिक झुकला. २०२४ मध्ये याच देवनार कचराभूमीची १२४ एकर जागा धारावी पुनर्विकास प्रकल्पातील पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा माहुलची आठवण अनेकांना झाली, त्यात नवल नाही.

कारखान्यांच्या वाढीवर हवेमुळे बंधने येतात का?

येतात, आणि महाराष्ट्राने ती अनुभवलेली आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक समूहांचा हवा, पाणी आणि जमीन यांवर आधारित सर्वंकष निर्देशांक काढला. सत्तरच्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित. असे ४३ समूह निघाले आणि त्यांत महाराष्ट्रातील चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर ही ठिकाणे होती. चंद्रपूरला ८३.८८ आणि डोंबिवलीला ७८.४१ गुण मिळाले. जानेवारी २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने या समूहांत नव्या आणि विस्ताराच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देणे थांबवले. कृती आराखडे सादर झाले तशी ही बंदी टप्प्याटप्प्याने उठली.

चंद्रपूरची गोष्ट मुंबईहून वेगळी आहे आणि तिचा स्वतंत्रपणे विचार व्हायला हवा. कोळशाच्या खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र आणि सिमेंट यांवर उभ्या असलेल्या शहरासाठी अशी बंदी म्हणजे रोजगाराच्या एकमेव वाटेवरच कुलूप असते. मुंबई महानगरात उद्योग अडला तर सेवा क्षेत्र ती पोकळी भरून काढते. चंद्रपूरला तशी सोय नाही.

डोंबिवलीत प्रश्न उलट्या बाजूने आला. औद्योगिक वसाहत आधी होती, घरे नंतर येऊन तिला भिडली आणि आता कारखाने हलवावेत अशी रहिवाशांची मागणी आहे. २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता येथील लोकांनी पाहिला. २०१६ आणि २०२४ मध्ये कारखान्यांत स्फोट झाले, त्यांना प्रदूषण म्हणता येत नसले तरी त्यांचे मूळ घर आणि कारखाना यांच्यातील अंतर मिटण्यातच आहे.

कडक नियम केले तर रोजगार शहराबाहेर जाणार नाही का?

काही प्रमाणात जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात हवेचे निकष न पाळणाऱ्या काउंटींवर, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांवर, कडक बंधने आली. अर्थतज्ज्ञ मायकेल ग्रीनस्टोन यांच्या अभ्यासानुसार १९७२ ते १९८७ या काळात अशा काउंटींनी इतरांच्या तुलनेत सुमारे ५ लाख ९० हजार नोकऱ्या गमावल्या. ‘तुलनेत’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण यातील काही काम दुसऱ्या काउंटीत गेले असणार आणि देशाच्या हिशेबात ते बुडाले असे म्हणता येत नाही. दिल्लीत १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १६८ घातक उद्योग शहरातून हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा स्थलांतराचा खर्च मालकांना जड गेला आणि कामगारांना त्याहून अधिक. न्यायालयाने कामगारांसाठी वेतन आणि भरपाईच्या अटी घातल्या होत्या. कागदावरची अट आणि हातात पडणारे पैसे यांत मात्र अंतर राहते.

दुसरी बाजू जमिनीची आहे. ठाण्यातील कोलशेत-बाळकूम पट्ट्यात एकेकाळी रंग-रसायनांचे मोठे कारखाने होते. आज तेथे गृहसंकुले आहेत. गिरणगावाबद्दल मात्र सावध राहावे. गिरण्या प्रदूषणामुळे बंद पडल्या असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. संप, जुनी यंत्रे, यंत्रमागाची स्पर्धा आणि जमिनीचा वाढता भाव ही त्यामागची कारणे होती. हवेची चिंता हे जमीन मोकळी करण्याचे सोयीस्कर निमित्त ठरू शकते, हे लक्षात ठेवलेले बरे.

वाईट हवेचा कार्यालयीन कामावर परिणाम होतो का?

होतो. चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीच्या शांघाय आणि नानतोंग येथील कॉल सेंटरच्या नोंदी तपासल्या असता, हवा प्रदूषण निर्देशांक १० अंकांनी वाढला की कर्मचाऱ्यांनी दिवसभरात हाताळलेल्या कॉलची संख्या सुमारे ०.३५ टक्के घटते, असे आढळले. ही माणसे इमारतीत, खुर्चीत बसून काम करत होती. एका माणसाच्या बाबतीत हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण निर्देशांक ८० वरून २०० वर गेलेल्या आठवड्यात, लाखो कर्मचाऱ्यांच्या शहरात, तो क्षुल्लक राहत नाही.

मुंबई समुद्रकाठी असूनही हवा का बिघडते?

दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा शहराची हवा धुऊन काढतो, यावर मुंबई फार काळ निर्धास्त राहिली. हिवाळ्यात हा वारा उशिरा आणि मंद येतो, रात्री व सकाळी तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि थंड हवेचा थर खाली बसल्यामुळे धूळ वर जाऊ शकत नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हे सर्वांच्या लक्षात आले. भारतीय मानकानुसार पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५ आहे. आपले मानक पाळले गेले तरी हवा निर्धोक झाली, असे यामुळे म्हणता येत नाही.

शहराची वाढच हवा बिघडवते, मग परिणाम कोणाचा कोणावर?

दोन्हींचा एकमेकांवर. पुनर्विकासात जुनी इमारत पाडायची, राडारोडा डंपरमधून हलवायचा, रेडिमिक्स काँक्रीटचा प्लांट जवळपास उभारायचा आणि हे शेकडो ठिकाणी एकाच वेळी करायचे, तर धूळ उडणारच. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने नियमावली काढली. एक एकरपेक्षा मोठ्या भूखंडाभोवती ३५ फूट आणि लहान भूखंडाभोवती २५ फूट उंच पत्रे, इमारतीभोवती ओले हिरवे कापड किंवा ताडपत्री, पाण्याचे फवारे, आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डंपरची चाके धुण्याची सोय, असे तिचे स्वरूप आहे. यातील चाके धुण्याची अट सर्वात साधी आणि सर्वात दुर्लक्षित आहे. चाकांना लागलेला चिखल रस्त्यावर येतो, वाळतो आणि पुढचे कित्येक दिवस वाहनांबरोबर उडत राहतो. ती धूळ मग कोणत्याही एका विकासकाच्या नावावर लागत नाही.

३० डिसेंबर २०२४ रोजी महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा येथील सर्व बांधकामे, सरकारी प्रकल्पांसह, थांबवली, कारण तेथील हवा गुणवत्ता निर्देशांक सतत २०० च्या वर होता. दिल्लीत अशी बंदी दर हिवाळ्यात ठरल्यासारखी येते आणि रोजंदारीवरचा मजूर घरी बसतो. मुंबईत ती नवी होती. इमारतीचा ताबा लांबला तर विकासकाला व्याज पडते आणि ग्राहकाला भाडे व हप्ता दोन्ही भरावे लागतात. हवेची किंमत वाढीच्या खात्यात थेट रुपयांत जमा होण्याची ही सुरुवात आहे.

उंच मजल्यावर घर घेतले की सुटका होते का?

रस्त्यावरची धूळ वर कमी होते, एवढेच. हिवाळ्याच्या सकाळी प्रदूषित थर कित्येक मजले गिळून असतो, आणि सूक्ष्म कण फार उंचीपर्यंत मिसळलेले असतात.

नगररचनेत हवेचा विचार केला जातो का?

अगदी त्रोटक. विकास आराखड्यात रस्ता, शाळा, उद्यान यांसाठी आरक्षण असते. धुराच्या आणि वाऱ्याच्या मार्गासाठी नसते. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांच्या यादीवर चालतो आणि त्यात महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत, पण ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि मुंबई या महापालिकांच्या हद्दी हवा ओळखत नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीचा धूर शेजारच्या खारघरला जातो तेव्हा कोणत्या यंत्रणेच्या आराखड्यात तो मोजायचा, हा प्रश्न प्रत्येक यंत्रणा दुसरीकडे ढकलू शकते. महानगर प्रदेशासाठी एकच हवा-क्षेत्र धरून निर्णय व्हावेत आणि पुनर्वसनाच्या वसाहतीची जागा ठरवण्यापूर्वी तेथील किमान एका हिवाळ्याची मोजणी सक्तीची असावी, असे आम्हांला वाटते. माहुलच्या बाबतीत एवढे झाले असते, तरी सतरा हजार घरांचा खर्च दुसरीकडे लागला असता.

घर घेताना हवेच्या दृष्टीने काय पाहावे?

नमुना सदनिका दुपारी, समुद्रावरचा वारा सुटल्यावर दाखवली जाते. तीच जागा डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या सुमारास पाहावी. जवळच्या मोजणी केंद्राची मागील हिवाळ्याची आकडेवारी केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. मात्र केंद्र दोन-तीन किलोमीटरवर असेल तर त्यावर पूर्ण विसंबू नये. आसपास रेडिमिक्स प्लांट, लाकडाच्या किंवा कोळशाच्या भट्टीवरची बेकरी, कंटेनरची वर्दळ असलेला रस्ता किंवा अर्धवट रिकामी औद्योगिक वसाहत आहे का, हे स्वतः फिरून बघावे, कारण माहितीपत्रकातील नकाशात मॉल आणि शाळा असतात, या गोष्टी नसतात. विकास आराखड्याच्या पानावर शेजारच्या भूखंडाचा वापर काय दाखवला आहे, तेही महापालिकेच्या विभाग कार्यालयात विचारून घ्यावे. शेजारी पुढील दहा वर्षे पुनर्विकास चालणार असेल, तर धूळ तेवढी वर्षे घरात येणार आहे, आणि तसे असल्यास भावाची बोलणी त्या हिशेबाने करावीत.